माझी तक्रार नाही

प्रिय शिवांजली,

त्या मंगळवारी सकाळी डेअरीला दूध घालून आले, चुलीवर पाणी ठेवलं, चार भाकरी थापल्या आणि तुझी शाळेची ओढणी घेऊन बसले. लाइट नव्हती म्हणून तांब्यात निखारे भरून इस्त्री केली. तू म्हणालीस, "राहू दे गं आई, चुरगळलेलीच नेते, तिथं कोण बघतंय." तरी मी केली. डब्यात वाघ्या घेवड्याची उसळ होती. दोनातली एक भाकरी तू हळूच परत दुरडीत ठेवलीस. मी बघितलं. मग म्हशीला वैरण टाकली, आजीच्या गुडघ्यांना तेल लावलं, तोवर तू दप्तर घेऊन उंबऱ्यात उभी होतीस. विचारलंस, "आज पोलीस ठाण्यातून बोलावतील का?" मी म्हटलं, बोलावतील. तू मान हलवलीस आणि गेलीस. त्या दिवसाचं तुला एवढंच माहीत आहे. संध्याकाळी परत आल्यावर मी तुला जे सांगितलं ते खरं नव्हतं. खरं काय ते सांगायला मला थोडा वेळ लागेल, पण मध्येच ठेवून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

मावशीच्या फोनवर तू हो आणि नाही याच्यापलीकडे बोलत नाहीस. तुझा फोन कपाटात आहे, तू बंद करून दिलास तसाच. म्हणून पत्र. तसंही मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं वाचणं-लिहिणं मी तुझ्या पप्पांच्या पत्रांवर शिकले. ते असायचे तिथं फोनला रेंज नसायची, महिन्याला दोन पत्रं यायची, आणि ती दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची मला लाज वाटायची. इकडचं ठीक आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. आजी अजून सकाळी तुझ्या नावानं हाक मारते, "शिवे, चष्मा दे गं", आणि मग तिची तीच उठून शोधते.

तू पहिलीत होतीस तेव्हाचं तुला किती आठवतं मला माहीत नाही. पप्पांची पेटी शाळेच्या मैदानावर ठेवली होती. सगळा तालुका लोटला होता आणि जो तो मोबाईल वर धरून उभा. एका साहेबांनी वाकून तुला सांगितलं, बेटा, पापा को सॅल्यूट करो. तू केलास, डाव्या हातानं. बायका हुंदके देऊ लागल्या. ते चित्रण त्या आठवड्यात सगळीकडे फिरलं, परक्या लोकांनीही बघून डोळे पुसले असतील. तू डावा हात का उचललास हे कुणी विचारलं नाही. तुझा उजवा हात मी धरला होता. तू दोनदा सोडवून घ्यायला बघितलास, मी सोडला नाही. सोडला तर मी तिथंच कोसळेन असं मला वाटत होतं.

आठ वर्षांनी, तू नववीत गेल्यावर, त्याच चित्रणाला कुणीतरी ढोलकी लावली. तुझा हात वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. 'डावी सॅल्यूट' नावाचं खातं, त्याला तुझा वर्गातला फोटो, आणि जणू तूच लिहिते आहेस असा मजकूर. खाली हसणारे सगळे आपल्याच पंचक्रोशीतले. एकानं लिहिलं होतं, शहीद कसला, गाडी घसरली. हो, गाडीच घसरली होती, बर्फावरून. गोळी लागून ते गेले असते तर या पोरांनी तुला सोडलं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला. सोडलं नसतं. तू वर्गात पाय टाकलास की मागचे बाक डावा हात कपाळाला लावायचे. "ए डावे, सावधान!" पंधरा ऑगस्टच्या तालमीला पीटीच्या सरांनीसुद्धा हसत हसत तुला त्याच नावानं रांगेत उभं केलं, हे तू मला चार दिवसांनी सांगितलंस, तेही भांडी घासताना, पाठ करून. आणि हे सगळं ज्या कमानीतून आत गेल्यावर चालायचं, तिच्यावर नाव तुझ्या पप्पांचं. दर जानेवारीत रंग देतात.

मी शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, मोबाईल घरचा, वेळ घरची. शाळेचा काय संबंध? पोरं आहेत, आठ दिवसांत विसरतील. तिला म्हणावं मनावर घेऊ नको." त्यांच्या खोलीबाहेर तक्रारपेटी टांगलेली होती. किल्ली कुणाकडे असते विचारलं, तर शिपाई म्हणाला, "किल्ली न्हाई वहिनी, पर कुलूप नुसतं वडलं तरी निघतंय." भिंतीवर मुलींच्या सुरक्षेच्या समितीची नावं रंगवली होती. त्यात आपल्या गल्लीतली रंगुबाई होती. तिला विचारलं तर ती हसायलाच लागली. "आगं माझं नाव कवा घातलं? मला पोलिओच्या डोसाला बोलवत्यात एवढंच ठावं." मीही हसले तिच्याबरोबर. नंतर घरी येऊन बसून राहिले.

ठाण्यात जायला तू नको म्हणत होतीस. मी नेलं. तिथला जमादार माणूस बरा होता. तुला खुर्ची दिली, अर्ज घेतला, पोच दिली. म्हणाला, "मुलगी अज्ञान हाय, सायबरकडं पाठवतो. खातं कुणाचं ते निघंल, काळजी करू नगा." परत येताना एसटीत तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीस. दोन महिन्यांत तू शांत झोपलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. तोंड उघडं होतं, लहानपणी असायचं तसं. रहिमतपूर फाटा आला तरी मी हललेसुद्धा नाही.

खातं वीरधवलचं आहे हे तुला आधीपासून माहीत होतं. अर्जात तू नाव घालू दिलं नाहीस आणि का ते सांगितलं नाहीस. भाऊसोकाकांचा मुलगा. पप्पांच्या पलटणीतले भाऊसोकाका, ज्यांनी तिकडून पेटी गावात आणली, पुण्यापासून गाडीत पेटीशेजारी बसून. त्यांनीच मला झाकण उघडू दिलं नाही. म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडं फोटो हाय न्हवं, तेच बघा." त्या एका वाक्याचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि तेच वाक्य माझ्या पायातली बेडी झालं. चौदा वर्षांच्या तुला हे कळलं होतं. म्हणून तू गप्प होतीस.

तर त्या मंगळवारी तू शाळेत गेलीस आणि अर्ध्या तासात काका आले. बरोबर माजी सैनिक संघटनेचे जोतीरामनाना. काका ओसरीवर बसले नाहीत, उभेच. म्हणाले, "वहिनी, पोरानं शेण खाल्लं. पट्ट्यानं फोडलाय मी त्याला, वळ बघायचं असतील तर आत्ता बोलावतो." मी म्हटलं, मला वळ बघायचे नाहीत. मग म्हणाले, "पर केस झाली तर भरती गेली. पोलीस व्हेरिफिकेशनला एक कागुद आला की पोरगं घरी बसतंय. दोन वर्षं पहाटं उठून पळतंय वो ते." नाना तेवढ्यासाठीच आले होते. ते म्हणाले, "आवं, शहीद मानसिंगच्या बायकोनं एका पोराची वर्दी अंगावर यायच्या आधीच उतरवली, असं उद्या गावानं म्हणायला नगो." तेवढ्यात आतून तुझी आजी आली. तिचा आवाज तुला माहीत आहे, पण त्या दिवशी ती हळू बोलली. "ज्यानं माझ्या लेकाला दारापत्तर आणला, त्याच्या लेकाला तू ठाण्यात घालणार व्हय गं?"

हे दुसऱ्या कुठल्या गावात घडलं असतं तर मी कदाचित नाही म्हटलं असतं. आपल्याकडे घरटी एक माणूस वर्दीत. भरतीला निघालेल्या पोराच्या आडवं जायचं नाही, हे इथं कुणी शिकवत नाही, ते श्वासासारखं असतं. भरतीच्या दिवशी भांडणातली घरंसुद्धा पोराच्या हातावर दही घालतात. मी लुगड्याचा पदर सारखा केला आणि काकांच्या गाडीत मागं बसले. ठाण्यात जमादारानं कागद पुढं केला, म्हणाला, तुमच्याच हातानं लिहा. माझं अक्षर चांगलं आहे असं पप्पा म्हणायचे. त्या अक्षरात मी लिहिलं, मुलांमध्ये गैरसमज होता, आपसात मिटला आहे, माझी तक्रार नाही. जमादारानं वाचलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मुलीला विचारलंय का?" मी म्हटलं, हो.

शिवा, मी तुला विचारलं नव्हतं.

संध्याकाळी तू विचारलंस, काय म्हणाले? मी म्हटलं, बघतायत. त्याच रात्री खातं बंद झालं. तुला वाटलं पोलिसांनी केलं, आणि दोन दिवस तू पोटभर जेवलीस. पण पोरांचे हात बंद झाले नाहीत. उलट ठाण्यापर्यंत जाऊनही कुणाच्या केसाला धक्का लागला नाही हे सगळ्या शाळेला कळलं, मग तर वर्गाबाहेरही सुरू झालं, डेअरीपाशी, पारापाशी. तू रोज विचारायचीस आणि मी रोज म्हणायची, बघतायत. दसऱ्यानंतर एकदा तू विचारलंस तेव्हा मला पुन्हा तेच म्हणवेना. मी म्हटलं, कायद्यात बसत नाही म्हणतात. तू फोन बंद केलास, माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, मला शकूमावशीकडे सांगलीला पाठव. स्टँडवर तू खिडकीशी बसलीस आणि गाडी सुटेपर्यंत पुढच्या सीटकडे बघत राहिलीस.

मे महिन्यात वीरधवल अग्निवीर म्हणून निघाला. गावानं डीजे लावून मिरवणूक काढली. हे मी तुला कळवलं नव्हतं. मला स्टेजवर खुर्ची होती. विधवेनं ओवाळायचं नाही हा नियम गावानं त्या दिवसापुरता बाजूला ठेवला, कारण फोटोत वीरपत्नी पाहिजे होती. मी त्याला कुंकू लावलं. त्यानं मागं सरून मला कडक सॅल्यूट ठोकला, बरोबर हातानं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो वर बघेना, त्याचे कान लाल झाले होते. त्याला लाज वाटली असेल असं मला वाटलं, आणि तेवढ्यावर मी घरी आले. तेवढंही पुरतं माणसाला, स्वतःला फसवायचं असेल तर.

मग गेल्या महिन्यात शाळेत कायद्याचं शिबिर झालं. तालुक्याहून विधी सेवा समितीच्या एक वकीलबाई आल्या होत्या, तिशीच्या असतील. मुख्याध्यापक शेजारी बसून सारखं घड्याळ बघत होते. शिबिर संपल्यावर सगळे वडापावकडे गेले आणि मी बाईंना गाठलं. नावं न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नावानं, फोटोनं खोटं खातं चालवणं हा गुन्हाच आहे. शाळेला लेखी दिलं होतं का?" मी म्हटलं, तोंडी. त्या म्हणाल्या, "लेखी द्यायचं होतं. रॅगिंगचा कायदा नुसता कॉलेजचा नाही, आपल्या राज्यात शिकवणारी कुठलीही संस्था त्यात येते. लेखी तक्रार आली की प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर मुलाला निलंबित करून तक्रार ठाण्याकडे पाठवायची. नाही केलं तर गुन्ह्याला साथ दिली असं त्याच्यावरही येतं." मी मुख्याध्यापकांकडे बघितलं. ते वडापावच्या कागदावर हात पुसत होते.

मग मी भरतीचं विचारलं. बाईंनी मुलाचं वय विचारलं. तेव्हा सतरा, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग ते मोठ्यांच्या कोर्टात गेलंच नसतं हो. बाल न्याय मंडळापुढं गेलं असतं. समज दिली असती, समुपदेशन, फार तर काही दिवस सेवेचं काम. त्याचं नाव छापायलासुद्धा बंदी. आणि त्या कारणावरून पुढं त्याला अपात्र ठरवायचं नाही असं कलमच आहे. प्रत्यक्षात कोण कुठं अडवतं ते मी शपथेवर सांगणार नाही, पण कायदा असा आहे. भरती जाते असं तुम्हाला सांगितलं कुणी?" मी म्हटलं, गावानं.

त्यांनी चाळीसेक पानांचं एक पुस्तक दिलं. मी ते तीनदा वाचलं, कळत नव्हतं तिथं बोट ठेवून. सगळं खरं होतं. म्हणजे तुझं गाऱ्हाणं ऐकून घेणारा कायदा होता, आणि त्या पोरालाही सांभाळून घेणारा कायदा होता. दोघांचीही सोय करून ठेवली होती कुणीतरी. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला गिळावं लागेल हे आम्ही ओसरीवर उभ्या उभ्या ठरवलं, आणि गिळायला तू होतीस. भाऊसोकाका खोटं बोलले असं मी म्हणत नाही. त्यांना माहीत नव्हतं. नानांना माहीत नव्हतं, आजीला कुठून असणार. पण मी तर वाचणारी बाई. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाची दोन कपाटं मी संपवली म्हणून ग्रंथपाल मला नव्या पुस्तकांची यादी आधी दाखवतात. दुसऱ्यांच्या दुःखाच्या कादंबऱ्या वाचून मी उशा भिजवल्या. आणि माझ्या लेकीची वेळ आली तेव्हा एक दिवस थांबा, मी वाचून बघते, एवढं माझ्या तोंडून निघालं नाही.

तरीही हे पत्र मी लिहिलं नसतं, तुला आणखी त्रास नको असं स्वतःला सांगत राहिले असते. पण या मंगळवारी शकूमावशीचा फोन आला. तुझ्या वर्गातली जतकडची मुलगी घरी आली होती म्हणाली. तिच्या बोलण्यात कानडी येतं म्हणून मुलं तिचा आवाज चोरून भरतात आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकतात. ती तुला विचारत होती, बाईंना सांगू का, घरी सांगू का. आणि तू तिला म्हणालीस, "काही उपयोग नाही. माझ्या आईनं ठाण्यापर्यंत जाऊन बघितलं. आपल्यासाठी कायदा नसतो, गप्प बसायचं." मावशी मला हे कौतुकानं सांगत होती, पोरगी किती समजूतदार झाली म्हणून. मी फोन ठेवला आणि मला उमगलं की माझं खोटं आता तू दुसऱ्या मुलीला देते आहेस, आणि ती ते खरं धरून घरी गेली. शिवा, कायद्यानं नाही म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. त्या मुलीला हे सांग. माझं नाव घेऊन सांग, लाजू नकोस. आणि शाळेला लेखी द्यायला सांग, तारीख घालून. तुझी तक्रार पुढं न्यायची की नाही हे तू ठरवायचं, आता तुला विचारल्याशिवाय मी एक अक्षर पुढं जाणार नाही. माझ्यावर रागव, बोलू नकोस, दिवाळीला येऊ नकोस, ते सगळं मला कबूल आहे. पण ठाण्यातला तो जबाब एकट्या माझा होता, त्याच्यासाठी मला कुणाला विचारायचं नव्हतं. फोन आला त्याच संध्याकाळी मी भाऊसोकाकांच्या दारात जाऊन त्यांना सांगितलं, उद्या ठाण्यात जाऊन खरं लिहून देणार आहे. त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी ठाण्यात गेले, तो जबाब मी मुलीला न विचारता दिला होता असं लिहून दिलं, आणि पोच घेऊन आले.

तुझीच,
आई